गाईच्या नावाचं औषध

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गाय फार प्रिय होती. ती त्यांनी जन्मात कधी पाळली नव्हती, हे त्या प्रेमाचं मुख्य कारण असावं. ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदारी करून ते निवृत्त झाले आणि कल्याणास पारनाक्याजवळच्या घरी येऊन बसले. कचेरीत हुकूम सोडायची सवय; घरात हुकूम ऐकायला आम्ही बायका, पण आम्हांला हुकूम सोडण्यात त्यांना गोडी वाटेना. तेवढ्यात गावात गोरक्षणाच्या सभा भरू लागल्या आणि मामंजी त्यांपैकी एका सभेचे चिटणीस झाले. देवळाच्या ओसरीवर उभे राहून गाय म्हणजे काय, हे ते लोकांना समजावून सांगत. समोर बसलेल्यांत दोनतीन गवळीही असत. तेही माना डोलवत.

एकदा सभेत कुणीतरी साधेपणानं विचारलं, "रावसाहेब, आपल्या गोठ्यात सध्या गाई किती?"

आमच्या गोठ्यात सध्या सरपण होतं.

दुसऱ्या दिवशी सरपण बाहेर निघालं, गोठा सारवला गेला, आणि आठवडा उलटायच्या आत शहाडच्या आमच्या एका कुळाकडून तांबूस रंगाची एक गाभण कालवड वाजतगाजत आली. वाजतगाजत म्हणजे खरोखरच; पुढे सनईवाला होता. तिच्या गळ्यात झेंडूची माळ होती, ती तिनं वाटेतच निम्मी खाल्ली होती. मामंजींनी तिला ओवाळलं, तिच्या शेपटीला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि तिनं पाय उचलल्याबरोबर ते चपळाईनं मागे सरले. त्यांना इतकं चपळ मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत मलाही दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली आणि वडील दूर खानदेशात नोकरीला. तेव्हा माझं बाळंतपण सासरीच व्हायचं ठरलं. एका घरात दोन पहिलटकरणी, एक माजघराच्या आतल्या खोलीत आणि एक भिंतीपलीकडे गोठ्यात. मधल्या भिंतीत उजेडासाठी एक जाळी होती. तिच्यातून शेणाचा वास यायचा आणि पुढे त्याच जाळीतून मला पुष्कळ ज्ञान मिळालं.

कालवडीला भिजवलेली सरकी, गूळ, हिरवा चारा. मला नियम. हे खाऊ नको, तिथे बसू नको, मोठ्यानं हसू नको. बाहेर पडलीस की पदर नीट घे, पोट कुणाला दिसता कामा नये. आणि कालवडीचं पोट मात्र आल्यागेल्याला हात लावून दाखवत. पोटावरून मंडळी कासेवर आली. मामंजींच्या सभेतले सद्गृहस्थ संध्याकाळी येत, एकजण आचळ चाचपी, दुसरा कास तळहातावर तोलून बघे, आणि "वा!" म्हणे. त्यांच्या बायका सकाळी येत. त्या कासेला हळदकुंकू लावत. उन्हाळ्याचे दिवस, माशा घोंगावत होत्या. गुळाच्या हातांनी लावलेलं ते कुंकू माशांनाही आवडलं. आचळांच्या टोकांना खपल्या धरल्या. कालवड लाथा झाडू लागली.

"तेज आहे तिच्यात," मामंजी म्हणाले.

पुढचा उजवा सड, म्हणजे आचळ, बाकीच्या तिघांच्या आधीच फुगला. लालसर, तटतटलेला. रोज येणारा गवळी तो पाहून खूष झाला. "रावसाहेब, भांडी मोठी घेऊन ठेवा. एवढी दाटलेली कास मी पारनाका ते टिटवाळा कुठं बघितली न्हाई." मामंजींनी तांब्याची नवी चरवी आणली.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे मामंजींची थोरली बहीण. बालविधवा, डोक्यावरून लाल आलवण, सोवळ्याओवळ्याची कडक आणि जिभेनं त्याहून कडक. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणत असू. मामंजी आक्का म्हणत. आत्याबाई कास बघून एवढंच म्हणाल्या, "अरे, दुधानं फुगलं असतं तर चारी फुगले असते. हे सुजलंय."

"आक्का, तुला गाईतलं काय कळतं?"

"तुझ्याइतकंच," आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आधी मी बाळंत झाले. मुलगी. सुईणीनं ते ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक घर गळतंय असं सांगतात. सासूबाई म्हणाल्या, "बरं. दोघी सुखरूप आहेत ना." मामंजींनी बाहेरून विचारलं, उत्तर ऐकलं आणि पंचांग मिटलं. आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, त्या वेळी मुंबईस नोकरीला होते, महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचे. त्यांना कळवायची कुणाला घाई दिसली नाही.

त्याच आठवड्यात कालवड व्याली. तिलाही मुलगीच झाली. मामंजींनी आळीत पेढे वाटले.

आता पहिली धार काढायची. पण सभेचे जे ज्योतिषी होते, त्यांनी पंचांग उघडून सांगितलं की आजचा योग वाईट, उद्याचाही बरा नाही. पहिली धार परवा सूर्योदयानंतर काढावी, म्हणजे घरात दुधाला खळ पडणार नाही. वासराला तोवर गुळाचं पाणी चाटवा, पण आईला लावू नका, कारण वासराचं उष्टं झालं की पहिली धार देवाला चालत नाही. गवळ्याला विचारलं. तो म्हणाला, "रावसाहेब म्हणतील ते." गाय हंबरत राहिली. वासरू हंबरत राहिलं. मी जाळीशी पडून ऐकत होते आणि माझी मुलगी माझ्या अंगावर पीत होती. निदान तिच्यासाठी कुणी मुहूर्त काढला नव्हता, एवढं तिचं भाग्य.

ठरल्या दिवशी मंडळी जमली. ज्योतिषीबुवांनी मंत्र म्हटले. गवळी चरवी घेऊन बसला. डाव्या सडांतून पिवळा दाट चीक आला, सगळे "वा!" म्हणाले. मग त्यानं पुढचा उजवा सड धरला. गाय अशी काही उसळली की चरवी एकीकडे आणि गवळी दुसरीकडे. तिला बांधून, दोघांनी धरून तो पुन्हा पिळला, तेव्हा आधी काहीच येईना. मग नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या, त्यांच्यामागून गढूळ पाणी आणि त्यात तांबडी रेघ.

"पहिलारू गाईचा चीक असाच असतो," मामंजी म्हणाले.

ते सगळं एकाच चरवीत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "हे फेकून दे." पण खरवसाचं आमंत्रण आधीच गेलेलं होतं. गूळ, वेलदोडे, जायफळ सढळ हातानं पडलं, आणि संध्याकाळी ओसरीवर पानं मांडली गेली. खरवस काही धरला नाही. वड्यांऐवजी हिरवट पाण्यात तरंगणारे गोळे झाले. वासही होता. सभेच्या अध्यक्षांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ डोळे मिटून ठेवले आणि म्हणाले, "अमृत." मग बाकीच्यांना इलाजच उरला नाही. एकेकानं अमृत गिळलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी निम्मे सभेला आले नाहीत.

यानंतर गाय चाऱ्याला तोंड लावीना. कास दगडासारखी झाली, हात लावला तर तापलेल्या तव्यासारखी लागे. मामंजी घाबरले. गाय मेली असती तर ते मोठं पाप होतं आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते चिटणीस होते. मग उपचार सुरू झाले. दृष्ट काढली. काळा दोरा बांधला. गवळ्यानं दूध मोकळं करायचं म्हणून कडुनिंबाची काडी सडात सारली. गाईनं ती काडी आणि गवळ्याचा गुडघा दोन्ही मोडली. ठाण्याहून घोड्यांचा एक नावाजलेला जाणकार आणला. माजिवड्याकडे साहेब लोकांचे तबेले होते, तिथे तो जात असे. त्यानं गाईचे चारी खूर उचलून बारकाईनं पाहिले, खूर उत्तम आहेत म्हणून सांगितलं आणि गाडी पकडून परत गेला.

हे सगळं चाललं असताना मी भिंतीच्या अलीकडे तेच भोगत होते.

उजव्या बाजूला दूध दाटून गाठ झाली होती. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी. वरची कातडी लाल, चकाकणारी. मुलीला त्या बाजूला घेतलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची. दुपार कलली की हुडहुडी भरे, आणि मग असा ताप चढे की मला गोठ्यातली गाय आणि मी यांत फरक कळेना. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "होतं तसं. बोलायचं नाही. पुरुषमाणसं ऐकतील."

पुरुषमाणसं पलीकडे मोठमोठ्यानं कासेविषयीच बोलत होती.

शेवटी मामंजींनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर मुंबईस शिकून आलेले, वयानं तरुण, बोलायला तुटक. सभेला ते येत नसत, त्यामुळे मामंजींचं त्यांच्याविषयी मत चांगलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते. डॉक्टर भर दुपारी आले. आल्या आल्या म्हणाले, "रावसाहेब, मी माणसांचा डॉक्टर आहे."

"गाय ही माणसाहून श्रेष्ठ आहे," मामंजी म्हणाले.

"म्हणूनच माझा तिथे उपयोग नाही. बरं, दाखवा."

मी जाळीला कान लावून होते. आत्याबाई कधी नव्हे त्या गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी कास पाहिली, हात लावला, गाईनं फुत्कार टाकला.

"ताप कधीपासून आहे?"

मामंजी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "चार दिस झाले. दुपारनंतर हुडहुडी भरते. दात वाजतात."

"गाईचे?"

"हो."

"आक्का, मी नाही कधी ऐकले," मामंजी म्हणाले.

"तू सभेत असतोस."

डॉक्टरांनी कासेवरचा हात काढून घेतला. "आणखी?"

"गाठ उजवीकडे आहे. ठणका बगलेत जातो. लेकराला, वासराला, पाजायला घेतलं की डोळ्यांतून पाणी काढते. डोकं दुखतं म्हणते."

"कोण म्हणते?" मामंजींनी विचारलं.

"गाय हंबरते, त्याचा अर्थ मी लावला. तू नाही का सभेत गोमाता काय म्हणते ते सांगत?"

डॉक्टरांनी मान वर केली. जाळीतून मला त्यांच्या पगडीचा काठ दिसला, मग डोळे. मी मागे सरकले. त्यांनी लगेच तोंड फिरवलं आणि आत्याबाईंना अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पहिलंच बाळंतपण का?"

"पहिलंच."

"वय?"

"सतरावं चालू आहे."

"आक्का!" मामंजी ओरडले. "तुला भ्रम झालाय का? कालवड पुरती तीन वर्षांचीही नाही!"

"रावसाहेब," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा कडकडीत पाणी घेऊन येता का? स्वतः आणलंत तर बरं. नोकरांना समजत नाही."

मामंजी गेले. त्यांना कुणी काम सांगितलं की त्यांना बरं वाटे. ते गेल्यावर डॉक्टर भराभर बोलले, गाईकडे बघत, पण आवाज जाळीच्या रोखानं. "दूध साठू द्यायचं नाही. दुखलं तरी मूल लावायचं, ते नाही जमलं तर हातानं काढून टाकायचं. गरम पाण्याचा शेक. वर जवसाचं पोटीस. पाणी भरपूर प्यायला द्या, ते तोडू नका. गाठ मध्ये मऊ लागली तर पू झाला असं समजा आणि मला निरोप पाठवा. चिरा द्यावा लागेल. लाजून उशीर केलात तर जिवावर बेतेल."

"निरोप कशाचा पाठवू?" आत्याबाईंनी विचारलं.

"गाईचा पाठवा. मी येईन."

मामंजी पाणी घेऊन आले तेव्हा डॉक्टर गाईच्या कासेला शेक कसा द्यायचा ते सांगत होते. तिचीही धार दिवसातून पुष्कळदा काढून टाका, ते दूध कुणी पिऊ नका, असं बजावलं. संध्याकाळी दवाखान्यातून बाटली आली. मामंजींनी ती उजेडात धरून पाहिली. "एवढ्या मोठ्या जनावराला एकेक चमचा?"

"जालीम असेल," म्हणत आत्याबाईंनी बाटली ओच्यात घातली.

पोटीस दोन होऊ लागली. एक थाळाभर, एक वाटीभर. थाळाभर जवस मामंजी स्वतः उभे राहून गाईला लावून घेत. वाटीभर आत्याबाई माझ्यासाठी आणत. बाळंतिणीच्या खोलीत त्या शिवाशिवीमुळे कधी पाऊल टाकत नसत. आता आत येऊन माझ्याजवळ बसत, स्वतःच्या हातानं शेकत, दूध काढत आणि मग विहिरीवर जाऊन लुगड्यासकट आंघोळ करत. दिवसातून कितीदा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकदा त्या मला पाण्याचा तांब्या देत होत्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना अडवलं.

"बाळंतिणीला एवढं पाणी? डॉक्टरांनी गाईला सांगितलंय."

"गाईला दिलं. हे तिचं उरलेलं."

पण गाठ काही विरली नाही. मध्यावर मऊ लागू लागली आणि तापात मी काहीबाही बडबडायला लागले. आत्याबाईंनी डॉक्टरांकडे निरोप पाठवला, गाय अत्यवस्थ आहे. मामंजी त्या दिवशी ठाण्यास सभेची वर्गणी जमवायला गेलेले. डॉक्टर पेटी घेऊन आले आणि थेट माजघराच्या दारापाशी थांबले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत परका पुरुष जाणार, तेही सुवेरात, तेही असल्या कारणासाठी. आळीत कळलं तर घराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्या म्हणाल्या. आत्याबाई जुनं लुगडं शोधायला लागल्या. सासूबाईंनीच एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी दार धरलेला हात खाली घेतला.

"मलाही झालं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला. माझी सासू म्हणाली, बोलायचं नाही. मी नाही बोलले. दूध आटलं. तो मुलगा गेला." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "या. लवकर करा काय ते."

त्यांना आधी एक मुलगा होता, हे मला तोवर ठाऊकसुद्धा नव्हतं.

जुन्या लुगड्याला भोक पाडून ते माझ्या अंगावर टाकलं. आत्याबाईंनी माझे खांदे धरले, सासूबाईंनी मुलीला घेतलं. पुढचं मला फारसं आठवत नाही. एक थंड रेघ आठवते, मग आग, मग इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे झोपले. जागी झाले तेव्हा घाम आलेला होता आणि भूक लागलेली होती. सासूबाईंनी मऊ भात, तूप कालवून आणला आणि माझ्या उशाशी बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला सूनबाई म्हणायचं सोडलं. नुसतं "अगं" म्हणू लागल्या. ते मला फार आवडे.

शनिवारी आमच्या घरातले मुंबईहून आले. ओसरीवरूनच विचारते झाले, "गाय कशी आहे?"

"वाचली," आत्याबाई आतून म्हणाल्या. "बाळही बरं आहे. तुला मुलगी झालीय, विचारतोस का?"

ते खालमानेनं आत आले आणि दाराशी उभे राहिले. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "हिचं नाक माझ्यासारखं आहे," एवढंच त्यांना सुचलं. मी म्हटलं, "नाकानं काही बिघडत नाही."

गाय वाचली खरी, पण तिचा तो सड गेला. कोरडा, आक्रसलेला राहिला, त्यातून पुन्हा धार आली नाही. बाकीचे तीन सड चांगले दूध देत. मामंजींनी यातूनही वाट काढली. ते पाहुण्यांना सांगत की चार सड साऱ्याच गाईंना असतात. ब्रह्मा, विष्णु, महेश धारण करणारी ही एकच. पुढे त्यांनी सभेत ‘पहिलारू गाईची निगा’ या विषयावर व्याख्यान दिलं. आपण स्वतः पोटीस लावून तिला कशी मरणाच्या दारातून परत आणली, हे त्यांनी इतक्या रसाळपणे सांगितलं की दोनतीन श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुहूर्ताचा उल्लेख त्यात आला नाही. ज्योतिषीबुवा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

आत्याबाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, असं त्या मरेपर्यंत म्हणत. सासूबाईही तसंच म्हणत. पण त्या वर्षीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानंतर दवाखान्यात गाईंच्या तक्रारी वाढल्या. आमच्या शेजारणीच्या गाईला सारखा घाम येई. शेजारणीकडे गाय नव्हती. तळ्यापलीकडच्या एका घरातल्या गाईचं अंग बाहेर येत असे आणि तिला चालवत नसे. एका गाईला नवऱ्याच्या माराचा वळ होता. डॉक्टर सगळं ऐकून घेत, गाईचं वय विचारत आणि औषध देत. निरोप घेऊन जाणारं कुणीही असो, ते कधी हसले नाहीत.

पुढे त्यांची बदली झाली. गावानं निरोपाचा समारंभ केला. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे आम्ही बायका दाटीवाटीनं बसलो होतो. मामंजी भाषणाला उठले. माणसांचा डॉक्टर असूनही मुक्या जनावरांवर इतकी माया करणारा पुरुष आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले. "आज या कल्याण शहरातल्या समस्त गाई पोरक्या होत आहेत!"

पडद्यामागे कुणीतरी आधी फिस्कन हसलं, मग दुसरी, मग सगळ्याच पदराचा बोळा तोंडात कोंबून हलू लागल्या. माझ्या शेजारची मात्र रडत होती. डॉक्टरांनी उठून हात जोडले. अध्यक्षांकडे न जोडता पडद्याकडे तोंड करून जोडले, आणि खाली बसले.

घरी आल्यावर मामंजींनी उपरणं खुंटीला लावता लावता विचारलं, "आक्का, माझ्या भाषणात बायका हसल्या का गं?"

"समयांचा धूर फार होता. ठसका लागला असेल," आत्याबाई म्हणाल्या आणि पानं मांडायला आत गेल्या.